लहान लेथवर आटे पाडण्याची रीत आणि लेथमधील उणिवांवर उपाय

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बागायत मुख्यतः पंपावर उभी आहे. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे या दोन तालुक्यांत आहेत : कुकडी नदीवरील माणिकडोह व येडगाव, मीना नदीवरील वडज, घोड नदीवरील डिंभे, आणि पिंपळगाव जोगे. त्यांचे पाणी कालव्याने आले तरी शेवटच्या बांधापर्यंत ते पोचविण्याचे काम विहिरीवरचा किंवा नदीकाठचा पंपच करतो. या पंपाच्या ग्लँडचा स्टड तुटला, किंवा त्याचे आटे गेले, म्हणजे ग्लँडची दोरी दाबून धरली जात नाही, पंप हवा ओढू लागतो आणि पाणी चढत नाही. तुटलेला स्टड चार बोटे लांबीचा असतो, परंतु टोमॅटो फुलोऱ्यात असताना त्याच्यापायी तीन-चार दिवस पाण्याचा खंड पडला तर होणारे नुकसान मोठे असते. नारायणगावाहून पुणे सुमारे ७५ किलोमीटर आहे. जुन्या पंपाचा स्टड तेथेही तयार मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी त्याचे आटे जुळतीलच असेही नाही.

अशा वेळी गावातच एखाद्याकडे लहान लेथ असेल तर काम अर्ध्या दिवसात होते. छंद म्हणून यंत्रकाम करणाऱ्यांसाठी निघालेले, टेबलावर मावणारे लेथ अलीकडे काही तरुण कारागीर बाळगू लागले आहेत. त्यांचे वजन साधारण ४० किलोच्या आसपास, चकमध्ये फिरू शकणाऱ्या वस्तूचा व्यास १७५ ते १८० मिलिमीटर आणि दोन सेंटरमधील अंतर ३०० ते ३५० मिलिमीटर असते. मोठ्या कारखान्यातील लेथशी त्यांची तुलना करणे योग्य नव्हे. तथापि शेतीच्या अवजारांना लागणारे बहुतेक लहान स्टड, नट, बुश व पिना या लेथवर उत्तम होतात. त्यासाठी दोन गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. मूळ आटे कोणत्या मापाचे आहेत हे निश्चितपणे ओळखले पाहिजे, आणि लेथमधील ढिलाई काढली पाहिजे. या दोन गोष्टी वगळून केलेला स्टड बहुधा वाया जातो. क्वचित तो पंपाच्या बिडाचे आटेही सोबत घेऊन जातो, आणि मग शंभर रुपयांच्या कामाचे हजारांचे काम होते.

आटे ओळखणे

आपल्याकडील कारागीर बोल्टची जाडी सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; म्हणून तीन सुती बोल्ट ३/८ इंचाचा, चार सुती अर्ध्या इंचाचा. ही भाषा ज्या काळात रुजली त्या काळी यंत्रांना व्हिटवर्थ पद्धतीचे आटे असत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४१ मध्ये ही पद्धत सुचविली. तिच्यात आट्यांचा कोन ५५ अंश असतो, आणि प्रत्येक जाडीला एका इंचात किती आटे यावयाचे हे ठरलेले असते : दोन सुतीला २०, तीन सुतीला १६, चार सुतीला १२, पाच सुतीला ११, सहा सुतीला १०. भारतात वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश असून दोन लगतच्या आट्यांमधील अंतर, ज्याला कारागीर पिच म्हणतात, मिलिमीटरमध्ये देतात. एम ८ ला ते १.२५, एम १० ला १.५, एम १२ ला १.७५, एम १६ ला २, आणि एम २० ला २.५ मिलिमीटर असते.

कायदा बदलला तरी विहिरीवरचा पंप बदलला नाही. वडिलांच्या वेळचा बिडाचा पंप, त्याला नवी मोटार, तिसऱ्याच ठिकाणाहून आणलेला फ्लँज आणि भंगारातून निवडलेले बोल्ट असा संसार अनेक विहिरींवर दिसतो. त्यात इंची व मेट्रिक आटे एकत्र नांदत असतात. काही जुन्या परदेशी ट्रॅक्टरांवर अमेरिकन पद्धतीचे आटे आढळतात. तेही इंचाचे, परंतु त्यांचा कोन ६० अंश, आणि अर्ध्या इंचाच्या बोल्टला १२ च्या ऐवजी १३ आटे. डोळ्यांना हे तिन्ही सारखेच वाटतात.

चूक कशी होते ते पाहण्यासारखे आहे. चार सुती बोल्टची जाडी १२.७ मिलिमीटर व पिच २.१२ मिलिमीटर, एम १२ ची जाडी १२ व पिच १.७५. एम १२ चा बोल्ट चार सुती नटात ढिला शिरतो, काही फेऱ्या जातो आणि अडखळतो. घाईत असलेला माणूस ‘गंज असेल’ असे म्हणून पान्याला नळी लावतो. बोल्ट पुढे सरकतो खरा, परंतु तो आटे चिरडीत सरकलेला असतो. घट्ट बसल्यासारखे वाटते, आणि पंपाचा हादरा बसू लागला की चार दिवसांत तो सैल होतो. तीन सुती व एम १० यांची जोडी याहून फसवी आहे. एकाची पिच १.५९, दुसऱ्याची १.५ मिलिमीटर, एका आट्यात फरक केसाएवढा, पण दहा आट्यांत तो पाऊण मिलिमीटरच्या पुढे जातो.

म्हणून नमुना हाती आल्यावर प्रथम तारेच्या ब्रशने व रॉकेलने तो स्वच्छ करावा. व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजावा. झिजलेल्या बोल्टचा व्यास थोडा कमी भरतो हे ध्यानात ठेवावे. नंतर पिच गेजची पाती एकामागून एक लावून उजेडासमोर धरावीत. ज्या पात्याच्या व आट्याच्या मधून उजेड दिसत नाही ते पाते खरे. गेज नसेल तर बोल्टवर पातळ कागद दाबून आट्यांचे ठसे उमटवावेत आणि पट्टीने मोजावेत. एका इंचात पूर्ण आकडा आला तर आटे इंचाचे. दहा पिचांचे अंतर १५, १७.५ किंवा २० मिलिमीटर असे सरळ भरले तर ते मेट्रिक. बोल्ट मुळीच शिल्लक नसेल तर त्याच जागेतील दुसरा बोल्ट काढून न्यावा. ‘चार सुती आहे’ एवढ्या तोंडी निरोपावर कारागिराने काम हाती घेऊ नये.

नळाचे आटे ही वेगळीच बाब होय. अर्ध्या इंची नळाचा बाहेरचा व्यास अर्धा इंच नसून आट्यांवर सुमारे २१ मिलिमीटर असतो, कारण हे नाव आतील पोकळीवरून पडलेले आहे. अर्धा व पाऊण इंची नळाला इंचात १४ आटे, एक इंच व त्यावरील नळांना ११. लहान लेथच्या मुख्य दांड्याचे छिद्र बहुधा २० मिलिमीटरचे असते, त्यामुळे अर्ध्या इंची नळदेखील त्यातून आरपार जात नाही. लांब नळाला आटे पाडण्यासाठी प्लंबरचा डाय-स्टॉकच वापरावा. लेथवर आखूड निपल किंवा सॉकेट तेवढे करावे.

लेथमधील उणिवा

लेथ लहान आहे ही तक्रार बहुतेक वेळा लेथ ढिला आहे एवढीच असते. नवा लेथ पेटीतून काढून तसाच टेबलावर ठेवून काम सुरू केले तर आटे फाटतात, टूल थरथरते आणि दोष यंत्राच्या माथी बसतो.

पहिली उणीव बैठकीची. हलका लेथ पातळ फळीवर ठेवला तर तो स्वतःच्या हादऱ्याने नाचतो. दोन इंच जाड लाकूड, किंवा जड लोखंडी चौकट, यावर तो बोल्टने आवळावा. मात्र आवळताना बेडला पीळ पडत नाही ना हे पाहावे. त्याची परीक्षा सोपी आहे : सुमारे २५ मिलिमीटर जाडीचा गज चकमध्ये १०० मिलिमीटर बाहेर ठेवून धरावा, टेलस्टॉकचा आधार न देता त्यावरून अगदी हलका काट घ्यावा आणि दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा. ०.०३ मिलिमीटरहून अधिक फरक आला तर एका पायाखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवून पुन्हा पाहावे. यात एखादी सकाळ जाते, पण ती एकदाच जाते. हेच काम दोन सेंटरमध्ये धरून केल्यावर फरक येत असेल तर दोष टेलस्टॉकचा समजावा व तो आडवा सरकवून रेषेत आणावा.

दुसरी उणीव स्लाइडची. क्रॉस स्लाइड व तिच्यावरील लहान स्लाइड यांच्या बाजूस गिब नावाची पट्टी असते आणि तिला तीन-चार लहान स्क्रू असतात. स्लाइड हाताने हलवून ठकठक लागते का ते पाहावे. लागत असेल तर प्रत्येक स्क्रू थोडथोडा आवळून, स्लाइड सर्व लांबीभर जराशा जडपणाने पण न अडकता सरकेल अशी करावी आणि मग चेकनट बसवावा. अनेक लहान लेथमध्ये या पट्ट्या कारखान्यातून खडबडीत येतात. त्या काढून सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासल्या की स्लाइडचा स्वभावच पालटतो. सर्वांत वरची लहान स्लाइड मुळातच नाजूक असते. ज्यांना वारंवार आटे पाडावयाचे आहेत त्यांनी ती काढून तिच्या जागी पोलादाचा भरीव ठोकळा बसवावा आणि टूल सरळ आत देऊन बारीक काट घ्यावेत, हा उपाय अनुभवी लोक पसंत करतात.

स्क्रू फिरवताना हँडल काही अंश रिकामे फिरते. ही ढिलाई पूर्णपणे नाहीशी करता येत नाही, आणि करण्याची गरजही नाही. ती नेहमी एकाच बाजूला ठेवली की पुरे. टूल मागे घेतल्यावर पुन्हा आत देताना आकड्याच्या मागे अर्धा फेरा जाऊन मगच पुढे यावे, म्हणजे आकडा खरा बोलतो.

तिसरी उणीव वेगाची आहे आणि आटे पाडताना हीच सर्वांत नडते. या लेथचा कमीत कमी वेग मिनिटाला सुमारे १०० फेरे असतो. चार सुती आटे पाडताना त्या वेगाने टूल तीस मिलिमीटरचे अंतर आठ-नऊ सेकंदांत संपवते आणि चकवर किंवा खांद्यावर आदळण्याची भीती असते. वेग आणखी कमी केला तर मोटारीचा जोरही उतरतो आणि ती अडते. यावर जुना व खात्रीचा उपाय म्हणजे हाताचे हँडल. मुख्य दांड्याच्या मागील छिद्रात घट्ट बसेल असा, मध्ये चीर दिलेला दट्ट्या करावा; पाचराने तो आतून फुगेल अशी योजना करावी आणि त्याला सायकलच्या क्रँकसारखे हँडल जोडावे. हँडल लावण्यापूर्वी विजेचा प्लग काढलाच पाहिजे आणि हँडल निघाल्याशिवाय तो परत लावू नये. फिरते हँडल मनगट मोडते. हाताने फिरवून आटे पाडण्यास अर्धा तास अधिक लागतो, परंतु टूल नेमके जेथे थांबावयास हवे तेथे थांबते. नवशिक्याने पहिले दहा-वीस स्टड असेच करावेत.

चाकांचे गणित

आटे पाडताना गज एक फेरा फिरला की टूल बरोबर एक पिच पुढे गेले पाहिजे. हे काम डाव्या बाजूची दात्यांची चाके आणि लीड स्क्रू मिळून करतात. हव्या त्या पिचला लीड स्क्रूच्या पिचने भागले म्हणजे चाकांचे प्रमाण मिळते. लीड स्क्रू १.५ मिलिमीटरचा असेल आणि एम १२ चे १.७५ चे आटे हवे असतील तर प्रमाण सातास सहा : चालविणारे चाक ३५ दात्यांचे, चालणारे ३० चे. मधले जोडचाक कितीही दात्यांचे चालते.

याच लेथवर चार सुती, म्हणजे इंचात १२ आटे पाडावयाचे झाले की अडचण येते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि हा आकडा पाचपट केल्यावर १२७ होतो. १२७ ही अविभाज्य संख्या असल्यामुळे अचूक गणितासाठी १२७ दात्यांचेच चाक लागते. ते मोठे असते आणि लहान लेथच्या झाकणाखाली बहुधा मावत नाही. त्याऐवजी ६३ दात्यांचे चाक वापरण्याची युक्ती प्रचलित आहे. चालविणारी चाके ८० व ५०, चालणारी ६३ व ४५ अशी जोडी लावली असता इंचाला ०.००३२ मिलिमीटर एवढीच चूक राहते. नटाची उंची अर्धा इंच धरली तर ही चूक कोणत्याही पंपास कळणार नाही. ६३ चे चाक लेथसोबत आले नसेल तर ते आवर्जून मिळवावे. या भागात तरी त्याशिवाय लहान लेथचा अर्धाच उपयोग आहे.

प्रत्यक्ष काम

गजाचा व्यास मापापेक्षा ०.१ मिलिमीटर कमी ठेवावा, टोकाला उतार द्यावा, आणि आटे जेथे संपावयाचे तेथे दोन पिच रुंदीची खाच घ्यावी. टूल इंची आट्यांसाठी ५५ व मेट्रिकसाठी ६० अंशांत घासावे. त्याची उंची बरोबर मध्यावर हवी : टूलचे टोक व गज यांच्यामध्ये पोलादी पट्टी हलकेच दाबून धरली असता ती उभी सरळ राहिली तर उंची बरोबर आहे. वरची लहान स्लाइड वापरणार असल्यास ती क्रॉस स्लाइडच्या दिशेपासून इंची आट्यांसाठी २७ अंश व मेट्रिकसाठी साडेएकोणतीस अंश वळवावी. त्यामुळे टूल मुख्यतः एका धारेने कापते आणि लहान मोटारीवर ताण कमी येतो.

पहिला काट केवळ ओरखडा उमटेल एवढाच घ्यावा आणि थांबून पिच गेज लावून पाहावा. चाकांची चूक येथे सापडली तर गज वाचतो. नंतर प्रत्येक खेपेस ०.१ ते ०.१५ मिलिमीटर आणि शेवटी ०.०३ असे काट घ्यावेत. चार सुतीसाठी आट्याची एकूण खोली १.३६ मिलिमीटर व एम १२ साठी १.०७ मिलिमीटर होते. वळविलेल्या स्लाइडने देताना हेच आकडे अनुक्रमे १.५२ व १.२३ धरावेत. मेट्रिक लीड स्क्रूवर इंची आटे पाडताना हाफ नट काम संपेपर्यंत उघडू नये. प्रत्येक काटाच्या शेवटी टूल बाहेर ओढावे, मोटार पूर्ण थांबू द्यावी आणि उलट फिरवून मागे यावे. हाफ नट उघडला तर टूल जुन्या वाटेवर परत येत नाही. ज्या लेथचा चक मुख्य दांड्यावर आट्यांनी बसविलेला असतो तेथे मोटार एकदम उलटी फिरवल्यास चक निसटू शकतो. अशा लेथवर हाताचे हँडलच वापरावे.

लोखंडावर कटिंग ऑइल अथवा खोबरेल तेल सोडावे. पितळ व बीड कोरडेच कापावे. बिडाची पूड मात्र बेडला झिजवते, म्हणून बेडवर कागद अंथरावा आणि काम होताच पुसून घ्यावे.

जवळ योग्य डाय असेल तर एक मधला मार्ग आहे, आणि गावातील कामास तो पुष्कळदा सर्वांत सोयीचा ठरतो. लेथवर तीन-चतुर्थांश खोलीपर्यंत आटे पाडावेत आणि शेवटचा हात डायने, टेलस्टॉकच्या दट्ट्याचा आधार देऊन, फिरवावा. आटे सरळ येतात आणि माप डायचे येते. केवळ डाय वापरून सुरुवातीपासून आटे काढले तर ते तिरके जाण्याचा संभव असतो. नट करावयाचा असेल तर लेथवर छिद्र पाडून टॅप वापरावा. चार सुती व्हिटवर्थसाठी छिद्र १०.५ मिलिमीटर आणि एम १२ साठी १०.२ मिलिमीटर घ्यावे.

ग्लँडचे स्टड पितळेचे किंवा स्टेनलेस पोलादाचे करावेत, म्हणजे गंजत नाहीत. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचाच नट कोरडा आवळला तर दोन्ही एकमेकांत अडकून बसण्याची भीती असते. त्यावर पितळेचा नट घालावा. मात्र ट्रॅक्टरच्या चाकाचे बोल्ट, ट्रॉलीच्या हुकाची पिन, रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट आणि ज्या बोल्टच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले आहेत ते सर्व बोल्ट बाजारातून त्याच दर्जाचे आणावेत. साध्या गजावर आटे कितीही सुबक पडले तरी त्या पोलादाची ताकद त्यात येत नाही, आणि रस्त्यावर उसाची भरलेली ट्रॉली सुटणे म्हणजे काय हे या भागातील लोकांस सांगावयास नको.

तयार स्टडवरील कुसे बारीक कानशीने काढावेत आणि मूळ नट हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहावा. नट बोटांनी जात नसेल तर पान्याने नेऊ नये. स्टड चकमधून काढण्यापूर्वीच आणखी ०.०३ चा एक काट घ्यावा. एकदा चकमधून निघालेला स्टड पुन्हा त्याच रेषेत धरणे कठीण जाते, म्हणून ही परीक्षा लेथवरच उरकावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील सामाईक पंपांची पाहणी करून प्रत्येक पंपाच्या फ्लँज, ग्लँड व पायाच्या बोल्टांची मापे पावसाळ्यात, काम कमी असताना, एका वहीत उतरवून ठेवावीत. पंपावर रंगाने ‘इंची’ किंवा ‘मेट्रिक’ असे लिहावे. कारागिराने प्रत्येक मापाचा एक खात्रीचा नट व एक बोल्ट तारेत ओवून भिंतीवर टांगावा, आणि कोणत्या आट्याला कोणती चाके लागली ते आकडे पत्र्यावर लिहून लेथच्या झाकणाच्या आतील बाजूस लावावेत. फेब्रुवारीत रात्री नऊ वाजता पंप बंद पडल्यावर ते गणित नव्याने करण्यास कोणालाच सवड नसते.